एचबीएवनसी 5.6 आणि उपाशीपोटी साखर 141: सिकलसेलच्या वाहकाने कोणता आकडा धरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. दादा 46 वर्षांचे, चंद्रपूर जिल्ह्यातले, सिकलसेलचे वाहक, म्हणजे लाल पेशी वाकवणाऱ्या या आनुवंशिक आजाराचं जनुक एकाच पालकाकडून आलेले. घरी वाहकाचं, सिकलसेल तपासणीतलं पिवळं कार्ड आहे. नोकरीच्या ठिकाणी झालेल्या तपासणीत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) 5.6 आली आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असं छापून आलं. पुढे पायाची जखम भरेना म्हणून पुन्हा रक्त तपासलं, तर उपाशीपोटी 141 आणि जेवणानंतर 228. एक डॉक्टर म्हणतात गोळी सुरू करा, दुसरे म्हणतात तीन महिन्यांची सरासरी चांगली आहे, वाट पाहा. दादांची 19 वर्षांची मुलगी सिकलसेलची रुग्ण आहे, म्हणजे तिला दोन्ही पालकांकडून दोष आला आहे, आणि ती त्यासाठी हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी घेते. तिचं काय, आणि भारतात या दोन आजारांचा एकत्र अभ्यास झाला आहे का, असंही तुम्ही विचारलं आहे.

दादांच्या बाबतीत साखरेचा आकडा धरा, एचबीएवनसी बाजूला ठेवा. निदान पक्कं करण्यासाठी उपाशीपोटीची साखर आणखी एकदा, चांगल्या प्रयोगशाळेत, शिरेतल्या रक्तावर तपासा. ती पुन्हा 126 किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह आहे, मग एचबीएवनसी काहीही सांगो. जखम दाखवायला मात्र त्या रिपोर्टसाठी थांबू नका, ती आजच दाखवा. सिकलसेलच्या रुग्णांना घोट्याजवळ चिघळणाऱ्या जखमा होतात हे खरं, पण त्या रुग्णांना, वाहकांना नाही. दादांच्या जखमेचं खापर सिकलसेलवर फोडून चालणार नाही.

आता असं का होतं, ते नीट समजून घ्या, कारण विदर्भात, नंदुरबारात, मेळघाटात हा घोळ रोज होतो.

लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. तेवढा काळ ती साखरेच्या पाण्यात फिरत असते आणि तिच्यातल्या हिमोग्लोबिनला हळूहळू साखर चिकटत जाते. रंगाच्या पातेल्यात कापड जितका वेळ राहील तितका रंग गडद, तसंच हे. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली, त्यावरून आपण मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज बांधतो. या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पेशी पूर्ण आयुष्य जगली, ही एक. आतलं हिमोग्लोबिन नेहमीचं, म्हणजे ‘ए’ प्रकारचं आहे, ही दुसरी. सिकलसेलमध्ये या दोन्हींना धक्का बसतो.

दुसरी गोष्ट आधी घेऊ. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या पहिल्याच अमिनो आम्लाला चिकटलेली साखर. सिकलसेलचा दोष याच साखळीवर सहाव्या जागी आहे: ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. असं बदललेलं हिमोग्लोबिन म्हणजे ‘एस’. 1949 मध्ये लायनस पॉलिंग यांनी सिकलसेल हा रेणूचा आजार आहे असं दाखवलं आणि पुढच्या काही वर्षांत व्हर्नन इन्ग्रम यांनी हा नेमका बदल शोधला. पहिली आणि सहावी जागा इतक्या जवळ असल्यामुळे अँटीबॉडी वापरून एचबीएवनसी मोजणाऱ्या काही पद्धती फसतात. अँटीबॉडी साखळीचं टोक ओळखते आणि टोकाजवळच बदल झालेला असतो. एचपीएलसी यंत्र हिमोग्लोबिनच्या विद्युतभारावरून प्रकार वेगळे करतं. ‘एस’चा भार वेगळा असल्यामुळे साखर चिकटलेलं ‘एस’ भलत्याच ठिकाणी निघतं. नवी यंत्रं वाहकांमध्ये याची दखल घेऊन बरोबर आकडा देतात, जुनी सगळीच देतात असं नाही. बोरोनेट ॲफिनिटी नावाची पद्धत साखळी न पाहता चिकटलेल्या साखरेलाच पकडते, म्हणून वाहकांसाठी ती बरी. तेव्हा प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारा: तपासणी कोणत्या पद्धतीने केली, आणि एचपीएलसी असेल तर आलेखाची प्रत मिळेल का. आलेखावर ‘एस’चं शिखर दिसत असूनही रिपोर्टवर फक्त एक आकडा छापून दिला जातो, हे मला फार खटकतं. पूर्व विदर्भात कित्येकांना आपण वाहक असल्याचं पहिल्यांदा याच आलेखावरून कळू शकतं, पण कोणी सांगतच नाही.

आता पेशीचं आयुष्य. वाहकाची, म्हणजे ‘एएस’ची पेशी जवळपास पूर्ण जगते. रुग्णाची, ‘एसएस’ची पेशी साधारण 10 ते 20 दिवसांत फुटते. वीस दिवस जगलेल्या पेशीवर तीन महिन्यांची साखर कुठून दिसणार? शिवाय ‘एसएस’च्या रक्तात ‘ए’ हिमोग्लोबिन जवळपास नसतंच. म्हणून वाहकासाठी प्रश्न पद्धतीचा आहे आणि रुग्णासाठी ही तपासणीच निरर्थक आहे, मग यंत्र कितीही महाग असो. तुमच्या पुतणीची एचबीएवनसी कोणी लिहून दिली तर सरळ नकार द्या.

दादांच्या आकड्यांमध्ये मात्र मला आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती तुमच्या डॉक्टरांपर्यंत पोचवा. 2017 मध्ये जामा या नियतकालिकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरचा मोठा अभ्यास आला. रक्तातली साखर सारखी असताना वाहकांची एचबीएवनसी इतरांपेक्षा सुमारे 0.3 ने कमी येते, असं त्यात दिसलं. दादांच्या 5.6 मध्ये 0.3 मिळवले तरी 5.9 होतात. उपाशीपोटी 141 आणि जेवणानंतर 228 असणाऱ्या माणसाची एचबीएवनसी मी सातच्या वर अपेक्षिली असती. म्हणजे नुसतं वाहक असणं एवढी तफावत समजावत नाही. एक तर पद्धतीचा दोष आहे, किंवा पेशी लवकर फुटताहेत.

पेशी लवकर फुटण्याचं आपल्या भागातलं एक मोठं कारण म्हणजे जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता. मलेरियाच्या पट्ट्यात सिकलसेल टिकला त्याच कारणाने, म्हणजे मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं म्हणून, हीही टिकली, आणि दोन्ही एकाच माणसात सापडू शकतात. ती पुरुषांत जास्त दिसते आणि एचबीएवनसी सिकलसेलच्या वाहकपणापेक्षा बरीच जास्त खाली ओढते. दुसरी शक्यता, दादा निव्वळ वाहक नसतील. गावपातळीवर होणाऱ्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये रक्त गढूळ झालं तर ‘एस’ आहे एवढंच कळतं. तो एकाच पालकाकडून आला, की दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनवणारा आनुवंशिक दोष) हाही आला, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवरच कळतं. वाहकात ‘एस’ साधारण 35 ते 40 टक्के असतं आणि ‘ए’ त्याहून जास्त. हे प्रमाण उलटं दिसलं तर थॅलेसेमियाचा विचार करायलाच हवा. तेव्हा हिमोग्लोबिन एचपीएलसी, रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या लाल पेशींची मोजणी), बिलिरुबिन आणि जी-सिक्स-पीडी एवढ्या तपासण्या एकदा करून घ्या. अलीकडे रक्तदान केलं असेल किंवा रक्त चढवलं असेल तर तेही सांगा, त्यानेही आकडा हलतो. लोहाची कमतरता उलट बाजूला ढकलते, म्हणजे एचबीएवनसी खोटीच वाढवते. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे दोन्ही परिणाम एकाच वेळी असू शकतात, आणि मग बरोबर दिसणारा आकडाही योगायोगाने बरोबर असतो.

साखर मोजण्यातही सापळे आहेत. नळीत घेतलेलं रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला पाच-सात टक्के घट होऊ शकते. सकाळी उपकेंद्रात घेतलेलं रक्त दुपारी तालुक्याला पोचत असेल, तर 130 चे 110 झालेले असू शकतात. करड्या झाकणाची फ्लोराइडची नळी वापरावी आणि शक्य तितक्या लवकर प्लाझ्मा पेशींपासून वेगळा करावा. बोटातून थेंब घेऊन चालणाऱ्या ग्लुकोमीटरचा दोष याच्या उलट आहे. रक्त पातळ असेल, हिमोग्लोबिन सात-आठ असेल, तर अनेक मीटर साखर खोटीच जास्त दाखवतात. दादांना याची चिंता नाही, पण पुतणीसाठी हे लक्षात ठेवा.

तुमच्या संशोधनाच्या प्रश्नाकडे येतो. भारतात सिकलसेलची पहिली नोंद 1952 ची, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्येही तो सापडला. 1958 मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातल्या वाहकांवरचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने देशभर काम केलं, आणि आता चंद्रपुरात आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, हिमोग्लोबिन विकारांचं स्वतंत्र केंद्र आहे. तुमच्या घरापासून ते जवळ आहे, चौकशी जरूर करा. या कामातून कळलं की आपल्याकडचा सिकलसेल ‘अरब-इंडियन’ प्रकारचा आहे. त्यात गर्भावस्थेतलं ‘एफ’ हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच राहतं, अनेकदा 20 टक्क्यांच्या आसपास, आणि ‘एफ’ पेशीला वाकू देत नाही. त्यावरून भारतातला आजार सौम्य, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. विदर्भातल्या वॉर्डात काम करणाऱ्या कोणालाही हे पटणार नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी इथल्या मुलांमध्येही आजार किती तीव्र असतो ते दाखवलं. हायड्रॉक्सीयुरिया किलोला 10 मिलिग्रॅम इतक्या कमी डोसमध्येही दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी करतं, हेही त्यांनीच पुढे आणलं. तुमची पुतणी आज जी गोळी घेते तिच्या मागे हे काम आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेत क्रिस्पर या जनुक दुरुस्त करणाऱ्या तंत्रावर देशी उपचारही घडतो आहे. त्याला बिरसा मुंडांच्या नावावरून ‘बिरसा 101’ म्हणतात. पण तो अजून रोजच्या दवाखान्यात आलेला नाही.

मधुमेहाच्या बाजूला सर्वात मोठं काम आयसीएमआर-इंडियाब या सर्वेक्षणाचं. 2023 मध्ये त्याचे देशभराचे निष्कर्ष आले: एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी, 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह, म्हणजे सुमारे 10 कोटी 10 लाख माणसं, आणि 15.3 टक्के उंबरठ्यावर. गोव्यात प्रमाण सर्वात जास्त, 26.4 टक्के. या अभ्यासातली एक गोष्ट तुमच्या प्रश्नासाठी मोलाची आहे. निदान ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याच्या पद्धतीने झालं. ही पद्धत कष्टाची आहे, पण हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा तिला फरक पडत नाही. खासगी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये मात्र सोयीसाठी एचबीएवनसीवरच भर दिसतो, कारण उपाशी राहावं लागत नाही आणि दोनदा सुई टोचावी लागत नाही.

हे दोन अभ्यास दोन वेगळ्या खोल्यांत चालले, आणि माझं खरं दुःख तेच आहे. सिकलसेल हा लहान मुलांचा आणि आदिवासींचा आजार, मधुमेह हा शहरातल्या जाड माणसांचा, अशी आपण मनात वाटणी करून ठेवली. सरकारी कार्यक्रमांतही ती दिसते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालं. 17 राज्यांतल्या आदिवासी भागातल्या शून्य ते 40 वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. मधुमेह, रक्तदाब यांची गावपातळीवरची तपासणी 30 च्या पुढच्यांसाठी आहे. दोन्ही कार्यक्रमांत सापडणारी माणसं फक्त 30 ते 40 वयाची. मधुमेह ज्या वयात खरा हात-पाय पसरतो त्या चाळिशीनंतरच्या वाहकाला आपण वाहक असल्याचं कळण्याची व्यवस्थाच नाही. दादांकडे कार्ड आहे म्हणून तुम्हाला हा प्रश्न तरी पडला. आशाताई जेव्हा साखरेसाठी बोट टोचते तेव्हाच सिकलसेलचीही तपासणी, वय न पाहता, निदान गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत व्हायला हवी. आणि वाहक असलेल्या मधुमेहींची मूत्रपिंडं, डोळे आणि नसा वर्षानुवर्षं पाहत राहणारा मोठा अभ्यास आपल्याच लोकांवर व्हायला हवा. अमेरिकेचे आणि सेनेगलचे आकडे किती दिवस उसने घ्यायचे? सेनेगलमधल्या 2015 च्या अभ्यासात वाहक मधुमेहींचं रक्त जास्त घट्ट आणि रक्तवाहिन्या जास्त ताठर दिसल्या होत्या. इतर काही अभ्यासांत वाहकांना गुंतागुंत जास्त दिसली नाही. आपल्याकडे ‘एफ’ जास्त, अल्फा थॅलेसेमिया जोडीला, खाणं वेगळं. उत्तर इथेच शोधावं लागेल.

दादा अंगाने बारीक आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून एक सांगतो. बारीक माणसाला साखर होत नाही हा समज सोडून द्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की आपल्याकडची मुलं जन्मतःच वजनाने कमी पण चरबीने जास्त असतात. लहानपणी पोट न भरलेल्या माणसांत वेगळ्याच प्रकारचा मधुमेह होतो, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या कामातून पुढे आलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये त्याला वर्गीकरणात जागा दिली होती, 1999 मध्ये काढून टाकली. एप्रिल 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ‘टाइप 5’ म्हणून तो पुन्हा मान्य केला. दादांना तोच आहे असं मी म्हणत नाही. पण वजन झपाट्याने उतरत असेल तर डॉक्टरांना हे सुचवायला हरकत नाही, कारण त्यात औषधांची निवड बदलू शकते.

उपचारांबद्दल. वाहकाला मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं नेहमीचं औषध चालतं. प्रयोगशाळेत ते ‘एफ’ हिमोग्लोबिन वाढवतं असंही दिसलं आहे, पण त्या आशेवर सिकलसेलसाठी ते कोणी घेऊ नये. जी-सिक्स-पीडी कमी निघालं तर ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड या गटाच्या गोळ्या टाळणं बरं, पेशी फुटण्याचा धोका असतो. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. त्या आता स्वस्त झाल्यामुळे सर्रास लिहिल्या जातात. वाहकाच्या मूत्रपिंडाची पाणी धरून ठेवण्याची ताकद आधीच थोडी कमी असते, त्यामुळे उन्हात कष्ट करणाऱ्या दादांना मे महिन्यात ही गोळी देताना डॉक्टरांनी दोनदा विचार करावा. मूत्रपिंडासाठी तिचा फायदा मोठा आहे, म्हणून ती सरसकट नाकारूही नये. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्याचा पडदा तपासा. साखर आटोक्यात आहे का, हे उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या आकड्यांवरून पाहा, जोडीला दीड-दोन महिन्यांनी फ्रुक्टोसामीन. ती तपासणी रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते, लाल पेशीशी तिचा संबंध नाही, आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते. अल्ब्युमिन कमी असेल तर मात्र तीही फसते.

पुतणीला आज मधुमेहाचा मोठा धोका आहे असं मी म्हणणार नाही. वडिलांना असल्यामुळे पुढे लक्ष ठेवायला हवं, आणि वारंवार रक्त चढवलं असेल तर जास्तच, कारण साठलेलं लोह स्वादुपिंडालाही इजा करतं. त्या लोहाचा अंदाज येण्यासाठी फेरिटिन तपासा. वर्षातून एकदा उपाशीपोटीची साखर पुरे. मात्र ‘उपाशी’ म्हणजे अन्नाशिवाय, पाण्याशिवाय नव्हे. रात्रभर पाणी न पिता तपासणीला गेलेली सिकलसेलची मुलगी दुपारी दुखण्याने कळवळत भरती होऊ शकते. कधी दंडाला चिकटवायचा साखर-सेन्सर लावण्याची वेळ आलीच, तर ती हायड्रॉक्सीयुरिया घेते हे आधी सांगा. या औषधामुळे काही कंपन्यांचे सेन्सर साखर खोटीच जास्त दाखवतात, आणि त्यावर इन्सुलिन वाढवलं तर साखर धोकादायक खाली जाईल. बोरोनेटची पद्धतही तिच्या उपयोगाची नाही. ‘एफ’ 15 टक्क्यांच्या वर गेलं की ती पद्धतही आकडा कमी दाखवते, आणि हायड्रॉक्सीयुरिया तर ‘एफ’ वाढवण्यासाठीच दिलेलं असतं.

दादांच्या कार्डाच्या मागे निळ्या पेनाने लिहून ठेवा: ‘मधुमेहासाठी एचबीएवनसीवर अवलंबून राहू नये, साखर थेट मोजावी.’ फाइल हरवते, कार्ड सहसा हरवत नाही. पुढचा डॉक्टर नवा असेल, मुंबईचा किंवा हैदराबादचा असेल, त्याला हे कोणी तरी सांगायला हवं.

तुमची स्वतःची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दादा वाहक आहेत म्हणजे आई-वडिलांपैकी निदान एक जण वाहक, आणि तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून जास्त. तुमच्या मागच्या पॅकेजमध्येही एचबीएवनसी ‘नॉर्मल’ आली असेल, तर या आठवड्यात हिमोग्लोबिन एचपीएलसी आणि उपाशीपोटीची साखर, दोन्ही एकदमच करून घ्या.